उंब्रजपर्यंत

गेल्या गणपतीत संध्याकाळच्या आरतीला आमच्या साताऱ्याच्या घरी नेहमीसारखी गर्दी होती. कापूर, धूप, दूर्वांचा ओला वास, बाहेर पाऊस आणि दारात भिजलेल्या चपलांचा ढीग. अण्णा त्यांच्या हातांच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर ताल. आरती सुरू झाली आणि अण्णाही म्हणायला लागले. एकही कडवं न गाळता. जिथं आम्ही सगळे नुसते ओठ हलवतो तिथंही त्यांचा आवाज खणखणीत. मंत्रपुष्पांजलीतली ती लांबलचक वाक्यंसुद्धा त्यांनी न अडखळता म्हटली. मग प्रसादाचं ताट फिरलं. ताट त्यांच्यापुढं आलं तसा त्यांनी डावा हात वर केला, तोंड उघडलं आणि "ते... ते... ह्याला... चला... ते..." एवढ्यावरच अडले. कपाळावरची शीर फुगली. पेढा पुढं केला, नको. खिरापत, नको. पाणी, नको. काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलंच नाही. त्यांनी हात झटकला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. तेव्हा आईकडचे एक लांबचे मामा हसत म्हणाले, "आरती तर घडाघडा म्हणतात की! म्हणजे दाजी सोयीनं बोलतात म्हणायचं."

चार माणसं हसली. आई ताट घेऊन आत गेली.

मामा वाईट नाहीत. अण्णांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा त्यांना जिन्यावरून उचलून खाली आणणाऱ्यांत तेच पुढं होते, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्याच घरून डबा यायचा. त्यांचं ते वाक्य मला इतकं लागलं, कारण त्यातला प्रश्न माझ्याही मनात होता. अख्खी मंत्रपुष्पांजली ज्याला येते, त्याला "शेजारच्या पोराला आधी द्या" एवढं का म्हणता येऊ नये? (त्या दिवशी त्यांना हेच म्हणायचं होतं असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच.)

अण्णा पहाटे उठले तेच तोंड वाकडं घेऊन. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी रात्रीत कधीतरी तुंबली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आता आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. पण माणूस झोपेत असताना घड्याळ नेमकं कधी सुरू झालं हे कुणी सांगायचं? उजवा पाय पुढं बराचसा सुधारला, हात थोडाफार. बोलणं मात्र गेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, अफेजिया. ऐकू येत होतं, माणसं ओळखू येत होती, आपण काय बोललो ते बहुतेक कळत होतं. तरी भेटायला येणारे त्यांच्या कानाशी वाकून ओरडून बोलायचे, नाहीतर तान्ह्या बाळाशी बोलावं तसं. कुणीतरी वेखंड आणून दिलं, मधात उगाळून जिभेवर लावा म्हणून. लावलं. जिभेला काही झालेलंच नव्हतं हे माहीत असून लावलं.

पहिले काही आठवडे त्यांच्याकडं एकच शब्द होता. चला. अण्णांनी एसटीत उभी हयात कंडक्टरकी केली. तिकिटांचा ट्रे एका हातावर, बोटांत चिमटा, आणि दिवसभर "चला, चला, पुढं सरका". तोच शब्द उरला. भूक लागली, चला. उजेड डोळ्यांवर येतोय, चला. आई दिसली नाही की उतरत जाणारं, प्रश्न विचारणारं चला, आणि डॉक्टर आले की ताठ, अदबीचं चला. सूर सगळे शाबूत होते. डोळे मिटून नुसता सूर ऐकला तर अण्णा एखादं पूर्ण वाक्य बोलताहेत असं वाटावं.

पुढं मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले, तेव्हा पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला लबोर्न्य भेटला. तो तिथं २१ वर्षं होता आणि काहीही विचारलं तरी "तां, तां" एवढंच म्हणायचा. रुग्णालयात त्याला तां म्हणूनच ओळखत. १८६१ मध्ये तो वारल्यावर पॉल ब्रोका या सर्जननं त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली, आणि मेंदूचा तो भाग ब्रोकाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. मला त्यातलं भलतंच लक्षात राहिलं. तां फार चिडला की त्याच्या तोंडून एक फ्रेंच शिवी मात्र पूर्ण, स्वच्छ बाहेर पडायची. वाचून मी एकटीच हसले. सलाइनची सुई बदलायला आलेल्या नर्सला अण्णांनी अशीच एक शिवी हासडली होती. स्टँडवरची, अस्सल. इतक्या वर्षांच्या संसारात आईनं ती घरात कधी ऐकलेली नव्हती. आम्ही आनंदानं उड्याच मारायच्या बाकी होतो. "अण्णा, पुन्हा म्हणा! पुन्हा म्हणा ना!" वडिलांना शिवी देण्याचा आग्रह करणारी मुलगी त्या नर्सनं पहिल्यांदाच पाहिली असणार. अण्णांनी मनापासून प्रयत्न केला. ओठ जुळवले, श्वास घेतला. आलं काय, तर चला.

मागून मिळत नव्हतं, आपसूक येत होतं. ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच हे नेमकं हेरलं होतं. माणूस एक बोलतो ते आपोआप येणारं: शिव्या, प्रार्थना, आकडे, वार, नमस्कार-चमत्कार. आणि एक बोलतो ते जुळवून, त्या क्षणापुरतं, त्या माणसासाठी. घाव बसतो तो मुख्यतः दुसऱ्यावर. पहिलं बऱ्याचदा वाचतं, आणि त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हात असावा असं मानतात. मामांच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ होतं. पण उत्तर मिळाल्यानं मला बरं वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. कारण मग आरती म्हणणारे अण्णा कोण होते? आवाज त्यांचा, ठेका त्यांचा, कडव्याच्या शेवटी मान हलवायची लकब त्यांची. आणि तरी थेरपीच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या, "हे चांगलंच आहे, पण याला बोलणं म्हणू नका."

आपोआप येणाऱ्याचा साठा अण्णांकडं दांडगा होता. दिडकी आणि अडीचकी ते अजूनही घडाघड म्हणतात. नातवानं "आजोबा, तुमचं वय किती?" विचारलं तर मात्र गप्प. वार म्हणताना सोमवारपासून सुरुवात केली तर रविवारपर्यंत विनातक्रार. आज कुठला वार, याला उत्तर नाही. आणि सगळ्यांत पक्के होते ते थांबे. स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा, नागठाणे, अतीत, उंब्रज, कराड, पेठ नाका, किणी, कोल्हापूर. हे ते एका लयीत म्हणायचे, आणि म्हणताना डावा हात नकळत वर जायचा, जिथं घंटेची दोरी असायची तिथं.

या थांब्यांनी थेरपीत मात्र भारी घोटाळा केला. अडलेल्या शब्दाचा पहिला आवाज सुचवायचा, म्हणजे पुढचा निघून येतो, अशी एक रीत आहे. मॅडम पाण्याचा ग्लास दाखवत आणि म्हणत, "पा..." अण्णा लगेच: पाचवड. कपाटाचं चित्र, "क..." कात्रज. खुर्ची, "खु..." इथं ते थोडं थबकत आणि मग विजयी मुद्रेनं: खंडाळा. मॅडम हसायच्या नाहीत, मी तोंडावर रुमाल धरायचे. अण्णांना स्वतःला चूक कळायची. हेच सगळ्यांत वाईट होतं. चुकीचा शब्द बाहेर पडला की लगेच त्यांचा चेहरा पडायचा, जिभेला हात लावून ते मान हलवायचे: हे नव्हे. बरोबर शब्द आत कुठं तरी ठाऊक असल्याशिवाय हा चुकला हे कळेल कसं?

गाऊन बोलायचाही एक प्रकार झाला. साधी वाक्यं चालीत बसवायची, डाव्या हातानं ठेका धरायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. ही पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मंडळींनी मांडली. पुढं काही संशोधकांनी शंका काढली, की यात सुरापेक्षा तालाचा आणि आधीच पाठ असलेल्या शब्दांचा वाटा मोठा आहे. असेल. आमच्याकडं पहिले कित्येक दिवस अण्णांनी याला साफ नकार दिला. लहान पोरांचं गाणं वाटत असावं. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, भिंतीवर ठेका धरत, त्यांनी "चहा हवाय" आरतीच्या चालीत म्हटलं. आई ओट्याला धरून हसली, हसता हसता डोळे पुसले, आणि चहात साखर दोनदा पडली.

सगळ्यांत मोलाचा दिवस मात्र निराळाच. एका अमेरिकी चाचणीतलं चित्र आहे, जगभर वापरतात. स्वयंपाकघर, एक बाई ताटली पुसत उभी, तिच्यामागं एक पोरगा स्टुलावर चढून डब्यातली बिस्किटं चोरतोय, स्टूल कलंडलंय, आणि बाईच्या पुढ्यातलं बेसिन भरून पाणी जमिनीवर वाहतंय. चित्रात काय चाललंय ते सांगायचं. अण्णांनी ते बराच वेळ निरखलं. पोराकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोट सरळ त्या वाहत्या नळावर ठेवलं. अण्णा मूळचे माणातले. उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात त्यांचं बालपण गेलं, आणि आमच्या घरी नळ नुसता ठिबकला तरी पूर्वी ते रात्री उठून बंद करायचे. चेहरा लाल झाला. "पानी... पानी... नळ... बंद..." आणि मग त्या चित्रातल्या बाईकडं रोखून बघत, "बंद कर की, बाय!"

ते पाठ केलेलं नव्हतं. कुणी सुचवलेलं नव्हतं. एका चित्रातल्या अनोळखी परदेशी बाईला माझ्या वडिलांनी खडसावलं, तेही साताऱ्यात इतकी वर्षं काढूनही मूळच्या माणदेशी "पानी"त. मॅडमनी वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक. मला ते वाक्य मंत्रपुष्पांजलीपेक्षा मोठं वाटलं.

आकड्यांची गंमत अजून वेगळी. बोलायला गेलं की प्रत्येक आकडा "बारा" होतो. वेळ बारा, भाव बारा, नातवाची इयत्ता बारा. पण मंडईत त्यांच्या हातात पाकीट दिलं की दिसतं, हिशेब जागच्या जागी आहे. मेथीची जुडी, पाव किलो मिरची, लिंबं. शंभराची नोट देतात, परत आलेले पैसे डाव्या अंगठ्यानं सरकवत मोजतात, आणि भाजीवाल्यानं पाच कमी दिले तर हात पुढं तसाच धरून उभे राहतात. तोंडानं म्हणतात, "बारा." भाजीवाला गोंधळून माझ्याकडं बघतो. बोटं मात्र पाच दाखवत असतात. ब्रोकाकडं तांनंतर काही महिन्यांतच लेलाँ नावाचा म्हातारा आला होता, वय ८४. त्याच्याकडं मोजून पाच शब्द. कुठलाही आकडा सांगायचा झाला की तो मोडक्या उच्चारात "तीन" म्हणायचा आणि बोटांनी खरी संख्या दाखवायचा. मुलं किती? तीन, आणि वर चार बोटं. हे वाचल्यापासून मी अण्णांच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघते.

हे सगळं लिहिताना अण्णा कुणी गोड म्हातारे होते असं वाटेल. तसं नव्हतं. अण्णांची जीभ तिखट होती आणि ती आमच्यावर पुष्कळ चालली. झटका येण्याच्या थोडेच दिवस आधी माणातल्या जमिनीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. विकावी असं मी म्हणत होते. त्यांनी फोन आपटला. ते भांडण तिथंच राहिलं. आता मी बोलले तरी उत्तर येणार नाही, आणि उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? काही दिवस घर शांत झालं याचं मला बरंही वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. आणि त्याच दिवसांत पुण्याला रात्री फोन वाजला की तो त्यांचा, ओरडणारा असावा, असंही वाटायचं. जमीन अजून आहे. कागद कपाटात आहेत. सही डाव्या हाताची चालेल का, हे मी एका वकिलांना विचारलं, आणि नंतर परत त्यांच्याकडं गेले नाही.

गणपती होऊन गेले. दिवाळीनंतर एक दिवस मी साताऱ्याला होते. सकाळपासून अण्णा अस्वस्थ. खुर्चीतून उठत, दारापर्यंत जात, परत येत. मग सुरू झाले: स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर... मी पेपर वाचत होते, सवयीनं कानाआड केलं. ...नागठाणे, अतीत, उंब्रज. आणि थांबले. मला वाटलं अडलेत. म्हणून मी मदत केली: "कराड." त्यांनी जोरात मान हलवली. पुन्हा स्वारगेटपासून. पुन्हा उंब्रजला थांबले. "कराड, अण्णा, कराड!" या वेळी त्यांनी दांड्यावर मूठ आपटली. पीठ लागलेल्या हातांनी आई बाहेर आली. "काय हो, वन्संकडं जायचंय का?"

अण्णा खाली बसले. इतक्या दिवसांत कुणी त्यांना इतकं नीट ऐकलं नव्हतं. माझी आत्या उंब्रजला असते.

त्यानंतर मी पुष्कळदा विचार केला. त्या ओळीतला एकही शब्द अण्णांनी शोधलेला नव्हता. सगळे पाठ, सगळे वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले, आरतीचे तसेच. पण उंब्रजला ओळ तोडणं पाठ नव्हतं. ती ओळ कोल्हापूरला जाऊन संपते, तोंडाला तिकडंच ओढ असते, आणि तिला मध्येच धरून ठेवायला किती जोर लागत असेल ते कपाळावरच्या त्या शिरेला माहीत. जॅक्सननं केलेले दोन कप्पे मला तेव्हापासून तितके वेगळे वाटत नाहीत. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, काही रुग्ण असं करतात, त्याचा उपयोग करून घ्या. मग वारही तसेच आले. सोमवार, मंगळवार, बुधवार, थांबले; म्हणजे बुधवार. आता घरात कुणी पुढचा शब्द पुरवत नाही. नातवाला हे सगळ्यांत आधी जमलं, आणि मामांना अजून समजावून सांगायचंय. ते बहुधा म्हणतील, "मग सरळ उंब्रजच म्हणायचं की."

त्याच आठवड्यात आम्ही तिघं एसटीनं निघालो. गाडी मामांची मिळत होती, अण्णांनी चला म्हणून स्टँडकडंच काठी दाखवली. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे आमच्या तिघांचं मिळून एकच काय ते पूर्ण तिकीट झालं आणि अण्णांना ते बिलकुल आवडलं नाही. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिच्या हातातल्या मशीनकडं अण्णांनी असं पाहिलं, की तिनं मशीन उलटंसुलटं करून तपासलं. "काका, कुठं जायचंय?" मी तोंड उघडणार तोच अण्णांनी मला हातानं थांबवलं आणि स्वारगेटपासून निघाले. मागं माणसं खोळंबली. मुलगी आधी हसली, मग शिरवळच्या आसपास गंभीर झाली, मग आधार कार्ड तसंच हातात धरून उभी राहिली. अतीत. उंब्रज. अण्णा थांबले. तिनं बटण दाबलं. "उंब्रज," ती म्हणाली आणि पुढं गेली.

आत्याकडं कौतुक झालं. आत्या फार बोलते, आणि समोरचा बोलत नसेल तर त्याच्याही वाटचं बोलते. दादा असा होता, दादा तसा होता, दादानं मला जत्रेत बांगड्या घेतल्या होत्या, आता दादाला काही आठवत नसेल. अण्णांना सगळं आठवत होतं. बांगड्या म्हटल्यावर त्यांनी मनगटावर बोट फिरवून दाखवलं, हिरव्या सांगायला समोरच्या झाडाकडं हात केला. पोहे झाले. अल्बम निघाले. शेजारच्या बाया बघायला आल्या आणि कानाशी वाकून ओरडू लागल्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग सुरू झाले. पण या वेळी स्वारगेट नव्हतं.

"कोल्हापूर... किणी... पेठ नाका..."

परतीची फेरी. ती मी त्यांच्या तोंडून आजारपणात कधीच ऐकली नव्हती. "कराड... उंब्रज... अतीत... नागठाणे... सातारा." आणि काठी जमिनीवर टेकली.

"काय म्हणतोय गं हा?" आत्या.

"घरी चला म्हणतायत."

"आरं बस की रं दादा, आत्ताच तर आलास! भाकरी टाकत्ये, गरम गरम खा, मग जा."

अण्णांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. आणि घसा खाकरून पुन्हा कोल्हापूरपासून सुरुवात केली, जरा मोठ्यानं.